तुरुंगातून उमेदवारी चालते, मग मत का नाही?

प्रश्न : २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दोघे जण तुरुंगात असताना खासदार झाले. तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही, हे मात्र आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याला मत देता येत नाही, त्याला मतं मागता कशी येतात? हा कायदा करताना कुणी हे विचारलं नाही का?
– एक वाचक, कराड

उत्तर : विचारलं होतं, पण संसदेत नव्हे, पाटणा उच्च न्यायालयात. 'जन चौकीदार' या संस्थेच्या याचिकेवर २००४ साली त्या न्यायालयाने जो निकाल दिला, त्यातला युक्तिवाद जवळजवळ तुमचाच होता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ म्हणतो की लोकसभेचा किंवा विधानसभेचा उमेदवार आधी मतदार असला पाहिजे. याच कायद्याचं कलम ६२(५) म्हणतं की तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येणार नाही. मत देता येत नाही तो मतदार कसला, आणि मतदार नाही तो उमेदवार कसला? १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हणणं उचलून धरलं. त्या दिवशी तुमचा प्रश्न सुटला होता.

तो सुटलेला राहिला नाही, कारण संसदेने विलक्षण चपळाई दाखवली. ऑगस्टच्या अखेरीस राज्यसभेने आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोकसभेने कायद्यात दुरुस्ती केली, आणि ती निकालाच्या तारखेपासूनच लागू धरली. दुरुस्ती कशी केली ते पाहण्यासारखं आहे. कलम ६२(५) ला एक परंतुक जोडलं : मत देण्याची मनाई असली, तरी यादीत नाव असलेला माणूस तेवढ्यामुळे 'मतदार' असायचा थांबत नाही. म्हणजे मतदार असणं एक आणि मत देणं दुसरं, अशी फोड केली. कैद्याला मत न देताही मतदारपण बहाल झालं आणि उमेदवारीचा दरवाजा उघडला.

त्याच १० जुलैला त्याच न्यायालयाचा दुसराही एक निकाल आला होता, लिली थॉमस यांच्या याचिकेवरचा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्या आमदार-खासदारांना अपिलाच्या आडोशाने पद राखता येत असे, ती सवलत या निकालाने रद्द झाली. तिला वाचवण्यासाठी मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला, राहुल गांधींनी पत्रकार परिषदेत त्याची जाहीर वासलात लावली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो मागे घेतला गेला. सगळ्या वर्तमानपत्रांची पहिली पानं त्या नाट्याने भरली. कैद्यांच्या उमेदवारीची दुरुस्ती मात्र कुणाच्या फारशी लक्षात न येता कायदा होऊन बसली.

त्या दुरुस्तीमागचा हेतू मला वाईट वाटत नाही. कोठडीत असलेल्याला उमेदवारीच नाकारली, तर सत्ताधाऱ्याला विरोधक संपवायला फार काही लागणार नाही. अर्ज भरायच्या आठवड्यात एक गुन्हा नोंदवला की काम झालं. आणीबाणी पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात होते आणि तिथूनच मुझफ्फरपूरमधून प्रचंड मताधिक्याने निवडून आले. आरोप सिद्ध होईपर्यंत माणसाचा हक्क जाऊ नये, हे तत्त्व संसदेने मान्य केलं, हे चांगलंच झालं. माझी हरकत इतकीच की ते उमेदवारापुरतंच मान्य केलं. विसंगतीची दोन टोकं होती. खासदारांना स्वतःला बोचणारं टोक दोन महिन्यांत बोथट झालं. दुसऱ्या टोकाला हात लावायची गरज कुणाला वाटली नाही.

त्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते पाहा. खून करून जन्मठेप झालेला कैदी जसा मताला मुकतो, तसाच पाकीटमारीच्या आरोपाखाली पकडला गेलेला आणि जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला पोरगाही मुकतो. उलट ज्याला शिक्षा झाली आहे, पण वरच्या न्यायालयातून जामीन मिळाला आहे, तो खुशाल रांगेत उभा राहून बोटाला शाई लावून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले किंवा सुरूही न झालेले. चारातले तीन. एखाद्या छोट्या लोकसभा मतदारसंघाएवढी माणसं गुन्हा सिद्ध होण्याआधीच मतापासून लांब आहेत.

याच कलमाला एक अपवाद आहे आणि तो आणखी बुचकळ्यात टाकतो. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्याला मत देता येतं, तेही टपालाने. तुम्ही ज्या दोन खासदारांचा उल्लेख केला, त्यांच्याकडे या नजरेने बघा. खडूर साहिबमधून जिंकलेले अमृतपाल सिंग तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आसामात दिब्रुगडला स्थानबद्ध होते. बारामुल्लात ओमर अब्दुल्लांना दोन लाखांवर मतांनी हरवणारे इंजिनीयर रशीद यूएपीएच्या खटल्यात तिहारमध्ये होते. उमेदवार दोघेही होऊ शकले. कायद्याने मत देता येण्याजोगे मात्र एकटे अमृतपाल होते.

महाराष्ट्रानेही हा खेळ पाहिला आहे, आणि तो मोठ्या माणसांचा असल्यामुळे पाहिला. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या आणि मग विधान परिषदेच्या निवडणुकीत एकेक मत मोलाचं होतं. अनिल देशमुख आणि नवाब मलिक न्यायालयीन कोठडीत होते. दोघांनी मतदानाची परवानगी मागितली आणि दोन्ही वेळा ६२(५) आडवं आलं. पण २०१७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तेव्हा तुरुंगात असलेले छगन भुजबळ विधान भवनात येऊन मत देऊन गेले. कारण राष्ट्रपतीची निवडणूक १९५२च्या वेगळ्या कायद्याने होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम घटनेत बसतं असं म्हटलं, तेव्हा दिलेली कारणं व्यवहाराची होती : एवढ्या कैद्यांसाठी पोलीस कुठून आणायचे, आणि आत असलेल्याला बाहेरच्याइतकं स्वातंत्र्य मागता येत नाही. पहिल्या कारणात तेव्हा दम होता. आता निवडणूक कर्मचारी पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या घरी मतपत्रिका घेऊन जातात आणि स्थानबद्ध माणसाची मतपत्रिका टपालाने येते. तुरुंगात तर सगळे मतदार एकाच छताखाली असतात. या कलमाची शेवटची नीट तपासणी कधी झाली असेल, याचा अंदाज त्याच्या मजकुरावरून बांधता येतो. काळ्या पाण्याची शिक्षा त्यात अजून शाबूत आहे. भारतीय दंडसंहितेतून ती १९५५च्या दुरुस्तीनेच गेली होती.

मग तपासणी करायची कुणी? त्यासाठीच संसदेच्या स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. तिथे कॅमेरा नसतो, पक्षादेश नसतो. अधिकारी, वकील, संस्था यांना बोलावून उलटसुलट विचारता येतं. पण विधेयक तिथवर गेलं तर. १५व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. मतदारयादी आधारशी जोडण्याची आणि १८ पूर्ण करणाऱ्यांना वर्षातून चार तारखांना नोंदणीची मुभा देणारी दुरुस्ती २० डिसेंबर २०२१ रोजी लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी गोंगाटातच राहिली. चार तारखांची सोय छान आहे, त्याबद्दल कुणी भांडलंही नसतं. आधारजोडणीत गरिबांची नावं गळाली तर काय, हे विचारायला मात्र एक दिवस पुरत नाही.

समिती बसते तेव्हा काय निघू शकतं, त्याचाही दाखला आहे. सुशीलकुमार मोदी अध्यक्ष असलेल्या कायदा व न्यायविषयक समितीने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवारीचं वय २५ वरून १८ वर आणावं असं सुचवलं. निवडणूक आयोगाचा याला विरोध होता आणि समितीने तो नोंदवून खोडून काढला. पटो न पटो, दोन्ही बाजू कागदावर आल्या. त्या अहवालात सामाईक मतदारयादी होती, खोट्या प्रतिज्ञापत्राची शिक्षा होती. कैद्याचं मत नव्हतं.

गंमत अशी की ब्रिटनच्या संसदेने हाच डाव उलटा टाकला. तिथे कच्च्या कैद्याला मत आहे, बंदी शिक्षा झालेल्यांना. उमेदवारीचा दरवाजा मात्र त्यांनी १९८१ मध्ये घाईघाईने लावला : उपोषणावर बसलेले आयरिश कैदी बॉबी सँड्स एप्रिलमध्ये तुरुंगातून खासदार झाले, मे महिन्यात वारले, आणि एक वर्षाहून जास्त शिक्षा भोगणाऱ्याला उभं राहता येणार नाही असा कायदा त्याच उन्हाळ्यात झाला. घाई तिथेही होती. पण मताचा प्रश्न युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या गळ्यात मारला, तेव्हा दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली आणि साक्षी काढून डिसेंबर २०१३ मध्ये तिने सुचवलं की बारा महिन्यांपर्यंतची शिक्षा असलेल्यांना मत द्यावं. सरकारने ते गुंडाळून ठेवलं, ते सोडा. ज्या वर्षी त्यांची समिती कैद्याच्या मतावर पानंच्या पानं लिहीत होती, त्याच वर्षी आपण एक परंतुक जोडून मोकळे झालो होतो.

प्रश्न : पुतण्या वर्षभर न्यायालयीन कोठडीत आहे. त्याचं नाव मतदारयादीतून जाईल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : कोठडीत आहे एवढ्या कारणाने जाऊ शकत नाही. यादीसाठी अपात्र कोण, हे १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे : परदेशी नागरिक, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलेला माणूस आणि निवडणुकीतल्या गैरप्रकारांसाठी अपात्र झालेला. कैदी त्यात नाही. तुरुंग हा त्याचा नेहमीचा पत्ता धरायचा नाही, असंही तोच कायदा सांगतो. नाव घरच्या पत्त्यावरच राहतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) घरी आला तर 'इथे राहत नाही' असं सांगू नका, तात्पुरता बाहेर आहे असं सांगा. कुणी नमुना ७ भरून हरकत घेतली तर आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते, ती दवडू नका. नाव तरीही गेलंच, तर नमुना ६ भरून पुन्हा नोंदवता येतं. आणि जामीन मतदानाच्या आदल्या दिवशी मिळाला, तरी दुसऱ्या दिवशी त्याला मत देता येईल.