शेगडीच्या आधी वायरमन

अगं, इंडक्शन घेतेस ते फार बरं करतेस. भर पावसात सिलिंडर संपला की तुमच्या विंझर गावात ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेत बसायचं, ते आता पुरे. पण शेगडीचे पैसे मोजायच्या आधी वायरमनला घरी बोलव. पोटतिडकीने सांगते आहे, ऐक.

शेगडी उलटी करून बघ, 2000 वॅट लिहिलेलं असेल. त्याला 230 व्होल्टने भाग, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतात. तुझ्या ओट्यावर मिक्सर लावतेस तो सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे फार तर 1380 वॅटचा. शेगडीची पिन जाड असते, ती त्यात बसतच नाही. मग लोक स्वस्तातला प्लग मध्ये घालून बसवतात नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड ओढतात. तू तसलं काही करू नकोस. वायरमधून करंट दुप्पट गेला की ती चौपट तापते. आधी सॉकेट पिवळा पडतो, मग भोकांभोवती तपकिरी होतो, जळका वास येतो. आत भिंतीवरच्या लाकडी पट्टीत काय चाललंय ते तर दिसतही नाही.

म्हणून मेन बोर्डापासून ओट्यापर्यंत शेगडीची वेगळी लाईन ओढून घे. अडीच एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्या लाईनला तिचा स्वतःचा 16 अँपिअरचा एमसीबी. तो सारखा पडायला लागला तर काही जण सरळ 32 चा टाकून मोकळे होतात. तसं अजिबात करू देऊ नकोस. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. तो मोठा बसवला की आधी वायरच जळते.

अर्थिंगची तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. स्टीलची भांडी, ओला ओटा, अनवाणी पाय, आणि पोरं मध्येमध्ये. तिसरी पिन नुसती दिसायला नको, तिची वायर खरोखर जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत गेलेली हवी. वायरमनला ती तुझ्यासमोर तपासायला लाव. खड्डा मीठ-कोळशाचा असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा त्यात पाणी ओतत जा. शिवाय मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. करंट कुठे अंगावाटे जमिनीत जाऊ लागला तर तो क्षणात लाईट तोडतो. यात पैसे वाचवू नकोस, हवं तर शेगडी एक महिना उशिरा घे.

आणि सकाळचा हिशेब कर. शेगडी 2000, पाण्यात सोडायचा हीटर 1500, मिक्सर 750. तिन्ही एकदम चालले की 4250 वॅट, साडेअठरा अँपिअर. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ बघ. जुन्या जोडणीला तो पुष्कळदा फार कमी असतो. कमी असेल तर वाढवायचा अर्ज कर. तोवर अंघोळीचं पाणी बंबावरच तापू दे.

मामंजी म्हणतील, एवढी वर्षं हीच वायरिंग चालली की. त्यांना शांतपणे सांग, ती दोन बल्ब, पंखा आणि टीव्हीपुरती टाकली होती. तरी नाही ऐकलं तर मला फोन लावून दे, मी बोलते त्यांच्याशी.