मोत्याला परदेशी न्यायचे तर

गावातून कुणी परदेशी निघाले की पासपोर्ट, व्हिसा, बॅगांचे वजन या सगळ्यांची चर्चा चारचौघांत होते. घरच्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी निघतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. आमच्या मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावातूनही आता मुले नोकरीसाठी जर्मनीला, नेदरलँड्सला जातात. समजा, अशाच एका घरचा मोत्या आहे. दोन वर्षांचा, गावठी जातीचा, वजन वीस किलो. त्याला घरच्यांबरोबर नेदरलँड्सला न्यायचे आहे आणि तिकिटे पंधरा दिवसांनंतरची आहेत. नेता येईल का?

नाही. कितीही पैसे मोजले, कितीही ओळखी लावल्या तरी नाही. पहिली सुई टोचल्यापासून निदान चार महिने मोत्याला थांबावे लागेल. हे चार महिने कुठून आले? पुष्कळांना वाटते की ही कचेरीतल्या कागदांची दिरंगाई आहे. तसे मुळीच नाही. कागद दहा दिवसांत होतात. उरलेला सगळा वेळ एका विषाणूच्या चालीवरून ठरलेला आहे.

हा विषाणू अलर्क रोगाचा, म्हणजे रेबीजचा. पिसाळलेला कुत्रा चावला की लाळेतून तो जखमेत उतरतो. पण तेथून तो रक्तात शिरून सर्वत्र पसरत नाही. तो जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावा पायाला असेल तर वाट लांब, तोंडाला असेल तर वाट जवळ. या सगळ्या काळात जनावर खाते, पिते, शेपूट हलवते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. यालाच रोगाचा परिपाककाल म्हणतात. कुत्र्यात तो बहुधा दोन आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असतो. विषाणू मेंदूत पोचून पुढे लाळग्रंथींत उतरला, लक्षणे दिसू लागली, की मग मात्र उपाय नाही.

आता ब्रिटनसारख्या बेटाचा विचार करा. तेथे १९०२ साली हा रोग संपूर्ण निपटून काढला गेला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, तो पुन्हा शिरला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांवर त्याचा ठपका ठेवला गेला. १९२२ पर्यंत लढून तो पुन्हा हटवला. या अनुभवामुळे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामांजराला सहा महिने वेगळे कोंडून ठेवण्याचा तेथला नियम विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. पण सहा महिने तरी पुरेसे होते का? १९६९ साली कॅम्बर्ली या गावी जर्मनीहून आणलेला एक कुत्रा पूर्ण सहा महिन्यांचा विलगवास संपवून घरी आला आणि थोड्याच दिवसांत पिसाळला. परिपाककालाचा आलेख काढला तर त्याला असे लांब शेपूट असते. बहुतेक प्राणी मधल्या उंचवट्यात येतात, एखादाच दूर टोकाला सापडतो.

नुसते कोंडून ठेवण्यापेक्षा चांगला उपाय लसीकरणाने आणि रक्ताच्या तपासणीने दिला. ब्रिटनने २००० सालापासून हा मार्ग स्वीकारायला आरंभ केला. युरोपीय संघाचा आजचा नियम आपल्या मोत्याला असा लागू होतो: अंगात ओळखीची चिप हवी, त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, तो तपासणीत उतरला तर नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबणे. मांजरालाही हेच नियम आहेत.

तीस दिवस कशासाठी, हे सोपे आहे. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. शरीराला विषाणू ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला काही आठवडे लागतात. ही प्रतिपिंडे मोजतात कशी, ते मात्र पाहण्यासारखे आहे. रक्तातला लालसर भाग काढून उरलेला द्रव पायरीपायरीने पातळ करत नेतात. प्रत्येक पायरीत ठरावीक प्रमाणात जिवंत विषाणू आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घालतात. प्रतिपिंडे पुरेशी असतील तर विषाणू निष्प्रभ होतो आणि पेशी वाचतात. नसतील तर पेशींना लागण होते, आणि अशा पेशी खास रंगद्रव्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चकाकतात. कितव्या पायरीला हिरवे दिसू लागले, यावरून आकडा निघतो. तो दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असला पाहिजे. जिवंत विषाणू हाताळायचा असल्यामुळे हे काम कोणत्याही प्रयोगशाळेत चालत नाही. युरोपीय संघाने मान्य केलेल्या यादीतलीच प्रयोगशाळा लागते.

रक्त उत्तम निघाले, मग आणखी तीन महिने कशाला? येथे जरा थांबून विचार करा. लस टोचण्याच्या आदल्याच आठवड्यात मोत्याला गल्लीत एखादा पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर? विषाणू आधीच मज्जातंतूत शिरलेला असेल. पुढे रक्तात प्रतिपिंडे दिसतील, पण तंतूच्या आत लपलेल्या विषाणूपर्यंत ती पोचतीलच असे नाही. म्हणून लसीनंतरचे ३० दिवस आणि हे तीन महिने मिळून असा काळ जाऊ देतात की आत रोग दडलेला असेल तर तो बहुधा प्रकट व्हावा. जपान याहून कडक आहे. तेथे दोन वेळा लस आणि रक्ताच्या नमुन्यानंतर १८० दिवस थांबणे आहे. त्या देशात प्राण्यांमधला रेबीज १९५७ नंतर राहिलेला नाही, मग ते दार इतके जपतात यात नवल काय?

आणखी एक गोष्ट मनाला लागते. तोच मोत्या टोकियोत राहत असता तर युरोपात जायला त्याला रक्ततपासणी लागलीच नसती. चिप, लस आणि २१ दिवस, झाले काम. भारत मात्र त्या सवलतीच्या यादीत नाही. याचा राग येऊ शकतो, पण आपल्या बसस्थानकावर, बाजारात फिरणाऱ्या, कधीच लस न टोचलेल्या कुत्र्यांकडे पाहिले की यादी करणाऱ्यांना दोष देता येत नाही. हे चित्र बदलता येते. गोव्यात गेल्या दशकात घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना घरोघरी, गल्लोगल्ली हिंडून लस टोचण्यात आली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तुमच्या गावात अजून तसे झालेले नसेल तर एवढे पक्के लक्षात ठेवा: कुत्रा चावला किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचे नाही. आजोबांच्या वेळची पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत. आज दंडात थोडीच लागतात.

आता चिपकडे वळू. लस मोत्यालाच टोचली आणि रक्त मोत्याचेच होते, हे कशावरून? गळ्यातला पट्टा बदलता येतो, कागदावर ‘तांबूस रंग, उभे कान’ असे लिहिले तर तसे शंभर कुत्रे सापडतील. म्हणून तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची कुपी जाड सुईने मानेजवळ कातडीखाली सोडतात. आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, फेराइटची कांडी, एक धारित्र आणि एक इवलासा सिलिकॉनचा तुकडा असतो. घट म्हणजे सेल मात्र नाही! मग ती बोलते कशी?

फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन तुम्ही शिकला आहात. एका वेटोळ्यातला प्रवाह बदलता ठेवला तर जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. वाचक यंत्रातल्या वेटोळ्यात सेकंदाला १,३४,२०० वेळा आंदोलणारा प्रवाह असतो. चिपमधले वेटोळे आणि धारित्र याच वारंवारतेशी जुळवलेले असल्यामुळे अनुस्पंदन होते आणि तेवढ्या ऊर्जेवर सिलिकॉनचा तुकडा जागा होतो. उत्तराची तऱ्हा तर फारच सुरेख आहे. नागपंचमीच्या झोक्यावर बसलेल्या धाकट्या बहिणीला तुम्ही मागून झोके देत आहात. ती मधूनच पाय जमिनीला घासते. तुमच्या हातांना लगेच जाणवते की आता झोका जड झाला. पाय घासणे म्हणजे १ आणि न घासणे म्हणजे ०, असे ठरवले तर ती स्वतः काही जोर न लावता तुम्हाला सांकेतिक निरोप देऊ शकेल! चिप अगदी हेच करते. आपल्या वेटोळ्यावरचा भार ती कमीजास्त करते आणि वाचक यंत्राला ते जाणवते.

निरोप १२८ अंकांचा, म्हणजे १२८ शून्य-एकांचा असतो. दर ३२ आंदोलनांत एक अंक जातो. १,३४,२०० ला ३२ ने भागा: सेकंदाला सुमारे ४,१९४ अंक. म्हणजे पूर्ण निरोपाला सुमारे ०.०३ सेकंद, पापणी लवण्याच्या आत काम आटोपते. यातले ३८ अंक जनावराच्या क्रमांकासाठी राखलेले असतात. २ चा ३८ वा घात काढून पाहा: सुमारे २७,४८८ कोटी! म्हणून हा क्रमांक बारा आकडी लिहितात. आधी तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कारखान्याचे. भारताचे ३५६, कारखान्याचे असतील तर ९ ने सुरू होतात. एकूण पंधरा आकडे. १२८ पैकी काही अंक नुसते चूक पकडण्यासाठी असतात.

‘चिप बसवली, आता कुत्रा हरवला तरी उपग्रहावरून सापडेल’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारा, घट कुठे आहे? शिवाय वाचक यंत्राचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठवा हिस्सा. साधे हातातले यंत्र दहा-पंधरा सेंटिमीटरवरूनच चिप वाचते. ती केवळ नाव सांगते, ठावठिकाणा नाही.

आणि म्हणूनच क्रमाला इतके महत्त्व आहे. लस आधी आणि चिप नंतर बसवली, तर ती लस कुणाला टोचली याला पुरावा नाही. असा दाखला धरला जात नाही. चिपनंतर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. आपल्याकडे कुत्र्याला लस नियमाने देणारी घरेही नेमकी येथेच फसतात. आमच्या भागातल्या माणसाने अकोल्याच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्याकडे पहिली फेरी मारायची ती चिपसाठी, आणि टोचल्यावर यंत्राने आकडा वाचून दाखला त्याच आकड्याने लिहून घ्यायचा.

शेवटचे कागद मुंबईला होतात. केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेचे केंद्र तेथे आहे. संगरोध म्हणजेच विलगवास. तेथला सरकारी पशुवैद्य जनावर पाहून आरोग्याचा दाखला देतो. तो दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचले पाहिजे. घरी पिंजऱ्यात पोपट असेल तर त्याचा विषयच काढू नका. आपले देशी पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतात, ते पाळणे हाच गुन्हा आहे.

आता विमान. मोत्यासारखा मोठा कुत्रा विमानाच्या पोटातल्या कप्प्यात जातो. बाहेर, ११ किलोमीटर उंचीवर, तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते. पण या कप्प्यातला हवेचा दाब प्रवाशांच्या दालनाइतकाच ठेवतात, म्हणजे फार तर २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा. जनावर न्यायचे असेल तेव्हा तेथली ऊबही राखली जाते. खरा धोका जमिनीवर आहे, आणि तो उन्हाचा. विदर्भातल्या मुलांना हे समजायला वेळ लागणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पाण्याचा कूलर खोली गार करतो, पण तोच कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो. कारण तेथल्या दमट हवेत पाणी नीट वाफच होत नाही. कुत्र्याची जीभ हा त्याचा कूलर आहे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. वीस किलोचा कुत्रा स्वस्थ पडून असताना सुमारे ३० वॅट उष्णता टाकतो, म्हणजे तासाला १०८ किलोज्यूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ २.४ किलोज्यूल लागतात. भोवतालची हवा अंगाइतकीच तापलेली असेल तर ही सगळी उष्णता धापा टाकूनच जायला हवी: तासाला ४५ ग्रॅम पाणी. घाबरला असेल तर याच्या कितीतरी पट. म्हणून आमच्याकडे ४३ अंशांत लिंबाच्या सावलीला निवांत पडणारा मोत्या मुंबईच्या ३४ अंशांत कासावीस होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर हवा पुरेशी खेळवताच येत नाही. काही विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. झोपेचे औषधही देऊ नये. त्याने रक्तदाब आणि तोल दोन्ही बिघडतात.

पेटीचे माप घरीच काढता येते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग, ही पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट, ही रुंदी. उभा राहिला असता कानाच्या टोकापर्यंतची उंची आणि अंथरुणाची जाडी मिळून उंची. हे किमान माप झाले. पेटी महिनाभर आधी ओसरीवर उघडी ठेवावी आणि त्याची भाकरी तिच्यातच वाढावी. मग ती त्याला घरासारखी वाटते.

उलट्या प्रवासालाही, म्हणजे भारतात येताना, आधी परवानगी लागते. २०२२ च्या वसंतात युक्रेनमधून परतणारे काही भारतीय विद्यार्थी आपली कुत्री-मांजरे सोडून यायला तयार होईनात. तेव्हा केंद्र सरकारने त्या प्रसंगापुरते नियम सैल केले होते. युद्धासारख्या वेळीच असे होते. एरवी कॅलेंडर घेऊनच बसावे लागते.

तर एक उदाहरण सोडवा. साध्या, म्हणजे लीप नसलेल्या वर्षी, १ जानेवारीला पिल्लू जन्मले. रेबीजची पहिली लस १२ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय धरली जात नाही. चिप वेळेवर बसवली तर लस २६ मार्च, रक्त २५ एप्रिल, आणि युरोपात पाऊल लवकरात लवकर २५ जुलै. पण चिप बसवायला १० एप्रिल उजाडला आणि लस त्याच दिवशी पुन्हा द्यावी लागली, तर कोणती तारीख येईल?

(उत्तर: १० ऑगस्ट)