जुनी मोटारसायकल चालू न झाल्यास काय पाहावें

आवणीच्या दिवसांत खतासाठीं, औषधासाठीं किंवा आजारी माणसास घेऊन शिवथरच्या खोऱ्यांतून महाडास जाण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळीं पंधरा-वीस वर्षें घरीं असलेली मोटारसायकल किक मारून मारूनहि चालू होत नाहीं, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेल. गेल्या आषाढांत माझी गाडी अशीच बंद पडली. एका कारागिराकडून कॉइल बदलून घेतली. गाडी दोन दिवस चालून पुन्हां थांबली. शेवटीं टाकीच्या झांकणाचें रबर झिजल्यामुळें आंत पावसाचें पाणी जात होतें, असें आढळलें. रबराची किंमत ती काय ! परंतु तोंवर उपटून ठेवलेलीं रोपें चार दिवस खोळंबलीं. यांत मुख्य दोष माझाच. काय बिघडलें हें न पाहतां मीं खर्च केला.

चूल पेटण्यास सरपण, वारा व विस्तव लागतो. तसेंच इंजिनास पेट्रोल, हवा व ठिणगी लागते. शिवाय सिलिंडरांत दाब असावा लागतो. या चारांपैकीं कोणती गोष्ट नाहीं, तें क्रमानें शोधावें.

प्रथम टाकींत पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, व हँडलावरील इंजिन बंद करण्याचें बटण चुकून दाबलें गेलें नाहीं ना, हें पाहावें. गार सकाळीं चोक ओढून पांच-सहा किक माराव्या. एवढ्यानें न भागल्यास अधिक किक मारण्यांत अर्थ नाहीं.

यानंतर प्लगभोंवतालचा चिखल पुसून प्लग काढावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असल्यास पेट्रोल पोंचतें, पण ठिणगी पडत नाहीं किंवा पेट्रोल फाजील झालें आहे, असें समजावें. फाजील झालें असल्यास चोक व कॉक बंद करून, प्लग पुसून बसवावा आणि एक्सिलेटर पूर्ण पिळून कांहीं किक माराव्या.

ठिणगी पाहण्यासाठीं प्लग त्याच्या टोपींत बसवून त्याचें धातूचें अंग इंजिनास टेकवावें व किक मारावी. प्लगचें भोंक आधीं कापडानें झांकावें व ठिणगी त्यापासून दूर ठेवावी. नाहींतर पेट्रोलची वाफ पेट घेईल. हात रबरी टोपीवरच असावा. निळसर, ठळक ठिणगी दिसल्यास विजेची बाजू बहुधा ठीक आहे. न दिसल्यास नवा प्लग लावून पाहावा, ओली टोपी पुसून वाळवावी, आणि मगच कॉइलकडे वळावें. राजदूत व जुनी येझदी यांसारख्या पॉइंटच्या गाड्यांत पॉइंटवर काजळी धरते. ती बारीक पॉलिश पेपरनें साफ करावी व पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट सुमारें ०.४ मिलिमीटर ठेवावी.

ठिणगी असूनहि गाडी चालू न झाल्यास कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत घ्यावें. जवळ विडी किंवा दिवा नसावा. बाटली स्थिर ठेवल्यावर तळाशीं निराळा थर दिसल्यास पाणी शिरलें आहे. हल्लीं पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळतात. तें उंसापासूनहि बनतें. हें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा २० पर्यंत पोंचलें. इथेनॉल थोडें पाणी सामावून घेतें. परंतु मर्यादेबाहेर पाणी झाल्यास दोन्हीं मिळून तळाशीं बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तेंच ओढते. अशा वेळीं टाकी व कार्बोरेटर दोन्हीं रिकामीं करावीं. जुन्या गाड्यांच्या कित्येक रबरी नळ्यांस इथेनॉल मानवत नाहीं. त्या फुगल्या किंवा चिरल्या असल्यास बदलाव्या.

हवेचा फिल्टर ओला अगर मळलेला नाहीं ना, हें पाहावें. कांहीं महिने पडून असलेल्या गाडीच्या हवेच्या डब्यांत उंदीर, तर सायलेन्सरच्या तोंडांत कुंभारीण घर करते. शेवटीं किल्ली बंद ठेवून प्लगच्या भोंकावर अंगठा दाबावा व किक मारावी. अंगठा जोरानें उडाला पाहिजे. न उडाल्यास वाल्व्ह किंवा रिंग झिजली असण्याचा संभव आहे. तें काम मात्र कारागिराचेंच.

पुरांत बुडालेल्या गाडीविषयीं विशेष सावधगिरी हवी. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी महाड शहरांत शिरलें, तेव्हां असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी ओसरल्याबरोबर चालू करूं नये. पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें असतांना किक मारल्यास आंतील दांडा वांकण्याचा धोका असतो. आधीं प्लग काढून, किल्ली बंद ठेवून, हळूहळू किक मारीत पाणी बाहेर काढावें. ऑइल दुधासारखें पांढुरकें झालें असल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे, तें बदलावें. पेट्रोलहि काढून टाकावें.

मृगापूर्वीं नांगर-औतें आपण पाहून ठेवतों. त्याच दिवशीं टाकीच्या झांकणाचें रबर, प्लगची टोपी व पेट्रोलची नळी पाहावी. एक नवा प्लग व त्याचा पाना गाडींतच ठेवावा. मग ऐन आवणींत गाडी अडली, तरी काम अडणार नाहीं.