बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी रुग्णालय निवडताना

अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे रोजच्या बोलण्यातला बीएमटी, हे ऑपरेशन नाही. रुग्णाच्या अंगावर कुठेही मोठी चीर पडत नाही. आधी काही दिवस जबर केमोथेरपी देऊन, काही आजारांत सोबत सर्वांगाला रेडिएशन देऊन, जुनी मज्जा संपवली जाते. मग वॉर्डात ज्याला ‘डे झिरो’ म्हणतात त्या दिवशी स्टेम सेलची पिशवी स्टँडला लावली जाते आणि छातीजवळच्या सेंट्रल लाइनमधून ती हळूहळू आत जाते. पिशवी गोठवून ठेवलेली असेल, तर तिच्यातल्या डीएमएसओ या द्रव्याचा लसणासारखा वास खोलीत आणि रुग्णाच्या श्वासाला दिवसभर येत राहतो. पिशवी बहुधा काही तासांत संपते आणि घरच्यांना वाटते, मोठे काम पार पडले. खरी कसोटी त्यानंतरची असते. रुग्णालय निवडायचे ते त्या पुढच्या काळासाठी.

नवी मज्जा रुजून काउंट वर यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असतात, तोंड सोलवटते, गिळता येत नाही, आणि रात्री चढलेला ताप सकाळपर्यंत जिवावर बेतू शकतो. दुसऱ्याची मज्जा घेतली असेल, तर पुढे त्या मज्जेतल्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. सीएमव्हीसारखे सुप्त विषाणू डोके वर काढतात. पहिले 100 दिवस सर्वांत नाजूक असतात, पण प्रतिकारशक्ती सावरायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि लहानपणीच्या लशीही पुन्हा घ्याव्या लागतात.

प्रत्यारोपण म्हटले तरी सगळी प्रत्यारोपणे सारखी नसतात. मायलोमा किंवा लिम्फोमात बहुतेक वेळा रुग्णाच्याच स्टेम सेल काढून परत दिल्या जातात. यात जीव्हीएचडीचा प्रश्न सहसा येत नाही आणि मध्यम आकाराची रुग्णालयेही हे काम चांगले करतात. ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक अॅनिमिया, थॅलेसेमिया यांत बहुतेक वेळा दाता लागतो. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे दात्याशी मेळ ठरवणारा पेशींचा प्रकार, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते जुळले नाही, तर रजिस्ट्रीतला अनोळखी दाता शोधायचा किंवा आई, वडील, भावंड यांच्यापैकी कुणाचे ‘हाफ मॅच’ प्रत्यारोपण करायचे. कामाची अवघडता प्रत्येक पायरीला वाढते. म्हणून मायलोमाची शेकडो प्रत्यारोपणे केलेले केंद्र लहान मुलाच्या हाफ मॅचसाठी योग्य असेलच असे नाही. मुलांसाठी तर बालरक्तविकारांचे वेगळे पथक असलेलेच केंद्र पाहावे.

‘सक्सेस रेट किती?’ हा पहिल्या भेटीतला ठरलेला प्रश्न, आणि त्याचे उत्तरही ठरलेले. त्या एका टक्केवारीतून काहीच कळत नाही. आजार तोच, टप्पा तोच, वय साधारण तेच आणि दाता त्याच प्रकारचा असलेले रुग्ण गेल्या काही वर्षांत या केंद्राने किती केले? त्यांपैकी वर्षभरानंतर किती जिवंत आहेत, किती आजारमुक्त आहेत, उपचाराच्याच गुंतागुंतीने किती गेले? असे विचारावे लागते. थॅलेसेमियात यकृत किती वाढले आहे, त्यात तंतू झाले आहेत का आणि शरीरातले लोह काढणारी औषधे नियमित घेतली गेली का, यावरून मुलाचा धोका ठरतो. त्या वर्गवारीशिवाय सांगितलेला आकडा निरुपयोगी. चांगले केंद्र हे आकडे सांगायला कचरत नाही आणि आपले निकाल राष्ट्रीय नोंदणीला कळवते. एनएबीएचचे प्रमाणपत्र संपूर्ण रुग्णालयाचे असते. तेवढ्यावरून प्रत्यारोपण विभागाची पारख होत नाही.

रात्रीची व्यवस्था सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत कमी विचारली जाते. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातल्या एका मुलाचे हाफ मॅच प्रत्यारोपण एका खासगी रुग्णालयात झाले. खोली उत्तम होती, हेपा फिल्टर होते, डॉक्टरांचे नाव मोठे होते. पण हे डॉक्टर आणखी काही रुग्णालयांत जात आणि रात्री मजल्यावर असणारा निवासी डॉक्टर प्रत्यारोपण विभागाचा नव्हता. अशाच एका रात्री मुलाच्या नाकातून रक्त थांबेना. प्लेटलेट्स मिळाल्या, पण या रुग्णाला दिले जाणारे रक्त आणि प्लेटलेट्स आधी इरॅडिएट कराव्या लागतात, म्हणजे रक्तदात्याच्या लिम्फोसाइट पेशी निष्प्रभ कराव्या लागतात. तसे न केल्यास त्या पेशीच रुग्णावर हल्ला करू शकतात. ते यंत्र रुग्णालयात नव्हते. पिशवी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवायची होती. वडिलांनी ती हातात घेतली तेव्हा सोबत कुणीतरी बर्फाचा डबा दिला. प्लेटलेट्स बर्फात ठेवायच्या नसतात, हे रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितले म्हणून ती पिशवी वाचली. पहाटे प्लेटलेट्स चढल्या आणि मूल सावरले. त्या रात्री जे कळले ते खोल्या दाखवताना कुणी सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

म्हणून प्रत्यारोपण विभागात पूर्णवेळ डॉक्टर किती, रात्री मजल्यावर नेमके कोण असते, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे आधी विचारावे. रक्तपेढी आणि इरॅडिएशनची सोय आवारातच आहे का, सिंगल डोनर प्लेटलेट्ससाठी मध्यरात्री दाते जमवायची जबाबदारी घरच्यांवर पडते का, सीएमव्हीची पीसीआर आणि टॅक्रोलिमससारख्या औषधांची पातळी त्याच दिवशी कळते का, अतिदक्षता विभाग या रुग्णांना सरावलेला आहे का, हेही. याच वॉर्डातून गेलेल्या दोन-तीन कुटुंबांशी, जमल्यास रुग्णालयाने न सुचवलेल्या, बोलावे.

खर्चाचे ‘पॅकेज’ बहुधा डिस्चार्जपर्यंतचे असते. त्यानंतरची बुरशी व विषाणूंवरची औषधे, पुन्हा भरती होणे, दर आठवड्याच्या तपासण्या हे सगळे त्याबाहेर राहते आणि कर्ज तिथेच वाढते. काय धरले आहे आणि काय नाही, हे लेखी घ्यावे. कोल इंडियाच्या निधीतून 2017 मध्ये सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत पात्र मुलांच्या प्रत्यारोपणासाठी ठरावीक रुग्णालयांत 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. ते पहिल्याच आठवड्यात मागावे. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आज टाटाचे हे काम खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये चालते. वेल्लोरचे सीएमसी, मुंबई महापालिकेचे बोरिवलीतले बालकांसाठीचे केंद्र हीही अनुभवी ठिकाणे आहेत. इथे खर्च तुलनेने कमी, पण प्रतीक्षा असते. थॅलेसेमियाचे मूल काही महिने थांबू शकते. रेमिशनमध्ये, म्हणजे तात्पुरता आटोक्यात, आलेला ल्युकेमिया फार थांबत नाही. त्यामुळे नाव नोंदवतानाच तारखेचे विचारून पर्यायी केंद्र हाताशी ठेवावे.

अंतराचाही विचार हवा. ताप 38 अंशांवर गेला की तासाभरात रुग्णालय गाठता आले पाहिजे, म्हणून सुटी मिळाल्यावरही कित्येक आठवडे जवळच राहावे लागते. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करुग्णांचा मोठा आधार आहे, पण नवी मज्जा रुजत असलेल्या रुग्णाला सामायिक खोली आणि गर्दी चालत नाही. नांदेड किंवा गडचिरोलीहून येणाऱ्या कुटुंबाने भाड्याच्या स्वतंत्र खोलीचा खर्च पहिल्या हिशेबातच धरावा आणि गावाकडे रक्त तपासून अहवाल पाठवणारा डॉक्टर आधीच ठरवावा.

काही गोष्टी मात्र रुग्णालय ठरण्याआधीच सांभाळाव्या लागतात. प्रत्यारोपणाची शक्यता दिसत असेल तर रुग्णाला आई, वडील, भावंडे किंवा जवळच्या नातेवाइकांचे रक्त देऊ नये, कारण त्यामुळे पुढे त्यांचीच मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. तरुण रुग्णाच्या शुक्राणू वा स्त्रीबीजांच्या साठवणीविषयी केमोआधीच विचारावे. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी ‘स्टेम सेल थेरपी’ विकणाऱ्या दवाखान्यांचा या उपचाराशी काही संबंध नाही. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे अशा उपचारांना मान्यता देत नाहीत.

सर्व भावंडांची एचएलए तपासणी झाली की अहवाल, बोन मॅरोच्या स्लाइड्स आणि आधीच्या केमोची नोंद एका फाइलमध्ये लावून त्याच आठवड्यात दोन वेगवेगळ्या केंद्रांत दाखवावी. दोन्हीकडची मते हाती आल्याशिवाय कुठेही आगाऊ रक्कम भरू नये.