नव्या रायफलीचा जड बोल्ट

नवी रायफल हाती आल्यानंतर नेमबाजाची पहिली तक्रार बहुधा नेमाविषयी नसते. ती बोल्टविषयी असते. मूठ वर उचलताना जोर लागतो, बोल्ट मागे ओढताना मध्येच अडतो आणि मूठ खाली दाबताना सबंध रायफल खांद्यावरून सरकते. अशा वेळी कोणी तेलाची बाटली शोधतो, कोणी कानस. आणि पुष्कळजण मनगटाच्या जोरावर काम भागवितात. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट होय. तो वाईट का, हे समजण्यासाठी ०.२२ इंची रिमफायर काडतुसाची रचना प्रथम ध्यानात घ्यावी लागेल.

मोठ्या रायफलीच्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी बसविलेल्या स्वतंत्र टोपीत असते. रिमफायर काडतुसाला अशी टोपी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाशी बाहेर आलेली जी पोकळ कड असते, तिच्यातच हे मिश्रण भरलेले असते. ते ओले असताना नळकांडे वेगाने फिरवितात, म्हणजे मिश्रण कडेच्या पोकळीत पसरते. फायरिंग पिनचा आघात या कडेवर होतो, कड चेपली जाते, मिश्रण पेटते आणि त्याने आतील दारू पेटते. अमेरिकेत १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांनी आखूड ०.२२ काडतूस बाजारात आणले; आज सर्वत्र चालणारे 'लाँग रायफल' काडतूस १८८७ सालचे. मूळ कल्पना तेव्हापासून बदललेली नाही. कडेची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. बोल्टचे तोंड आणि नळीचे मागचे टोक यांच्यामध्ये हीच कड धरली जाते आणि काडतूस किती आत बसावे, हेही तीच ठरविते.

आता काडतूस वाकडे शिरले आहे, किंवा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातील काडतूस बसण्याच्या जागेत, काही अडकले आहे आणि नेमबाज बोल्ट बळाने पुढे रेटीत आहे, अशी कल्पना करा. जो भाग चेपला असता मिश्रण पेटते, नेमका तोच भाग येथे पोलादाच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबला जात आहे. बोल्ट पुरता बंद होण्यापूर्वी काडतूस पेटले, तर पितळेचे तुकडे आणि तप्त वायू मागच्या बाजूस, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. असे क्वचितच घडते. परंतु डोळा एकदा गेला की गेला. म्हणून भरलेल्या रायफलीचा बोल्ट अडला तर तो पुढे दामटू नये. नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेस ठेवून बोल्ट मागे घ्यावा, काडतूस काढावे आणि ते पुन्हा वापरू नये. नेमबाजी करताना चष्मा घालण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे हेही एक कारण आहे.

यापुढील सर्व तपासणी रिकाम्या रायफलीवर करावयाची आहे. मॅगझिन काढून ठेवावे, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. जिवंत काडतुसे त्या खोलीत असूच नयेत. नळीचे तोंड कोणाकडेही रोखलेले नसावे, हे सांगावयास नको. तरीही सांगितलेले बरे.

बोल्टची हालचाल चार टप्प्यांची असते: मूठ वर, बोल्ट मागे, बोल्ट पुढे, मूठ खाली. 'बोल्ट जड आहे' या तक्रारीला स्वतःचा असा काही अर्थ नाही. चार टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात आणि त्यातही कोठे तो जड आहे, हे कळले की निम्मे काम झाले. त्यासाठी मूठ दोन बोटांनी धरून अगदी सावकाश हलवावी. जोराने हलविल्यास अडणारी जागा हाताला कळत नाही.

मूठ वर उचलतानाच जोर लागत असेल, तर एक साधी परीक्षा आहे. आजच्या बहुतेक रायफलींत मूठ उचलताना बोल्टवरील उतरती खाच फायरिंग पिनला मागे सारते आणि तिची स्प्रिंग ताणली जाते. चाप ओढलेला नसेल, तर पिन मागेच अडकून राहते आणि दुसऱ्यांदा मूठ उचलताना स्प्रिंगशी झगडावे लागत नाही. म्हणून चाप न ओढता मूठ दोन-तीनदा वर-खाली करून पाहावी. ती सहज फिरू लागली, तर आधीचा जोर स्प्रिंगचा आणि त्या उतरत्या खाचेचा होता, हे सिद्ध झाले. नव्या रायफलीत या खाचेवर यंत्राच्या पात्याचे बारीक ओरखडे असतात आणि दोन ओरखडलेले पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर सरकत असतात. पिन मागे असतानाही मूठ तितकीच जड राहिली, तर स्प्रिंगला दोष न देता अन्यत्र शोध घ्यावा. ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीवरून सरावासाठी जी ०.२२ ची रायफल तयार करण्यात आली, तिच्यासारख्या काही जुन्या पद्धतीच्या रायफलींत स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते. तेथे शेवटच्या इंचभर अंतरात जाणवणारा विरोध हा दोष नसून तिची रीतच आहे.

मागे-पुढे सरकताना होणाऱ्या अडथळ्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. कारखान्यातून निघताना रायफलीला गंज चढू नये म्हणून जाड ग्रीस फासलेले असते. महिनोन्‌महिने खोक्यात पडून ते चिकट होते, थंड हवेत आणखी घट्ट होते. बोल्ट काढून तो आणि त्याचे घर रॉकेल किंवा टर्पेंटाईनमध्ये भिजविलेल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढले, की पुष्कळ तक्रारी तेथेच संपतात. हे काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे. त्यानंतरही बोल्ट एखाद्या ठराविक जागी खरडत असेल, तर त्यावर मार्कर पेनची शाई लावून तो आठ-दहा वेळा सरकवावा. जेथील शाई पुसली गेली ती घासणारी जागा. दुर्बिण बसविल्यानंतरच बोल्ट अडू लागला असेल, तर दुर्बिणीच्या पट्टीचे स्क्रू पाहावेत. एखादा स्क्रू केसभर लांब असला, तरी त्याचे टोक आत उतरून बोल्टला खरवडते. अनुभवी माणसेही या साध्या गोष्टीपाशी फसतात.

आपल्या हवेतील आणखी एक कारण परदेशी माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो. मूठ खाली येते तेथे दस्त्याला खाच ठेवलेली असते. लाकूड फुगले की मूठ तिला घासू लागते आणि दोष पोलादाला दिला जातो. मूठ आणि खाच यांच्यामधून कागदाचा कपटा सरकतो का, ते पाहावे. दस्ता आणि धातूचा भाग जोडणारे मोठे स्क्रू वाजवीपेक्षा अधिक आवळले असतील, तर बोल्टचे घर किंचित वाकते आणि मध्यभागी बोल्ट पकडल्यासारखा होतो. स्क्रू अर्धा फेरा सैल करून फरक पडतो का, हे पाहिल्यास निदान पक्के होते. अर्थात नंतर ते निर्मात्याने सांगितले असेल तितके पुन्हा आवळावयास विसरू नये.

रिकामा बोल्ट सहज फिरतो, पण काडतूस घातले की मूठ खाली जात नाही, अशी तक्रार असेल तर दृष्टी चेंबरकडे वळवावी. या काडतुसाची गोळी नळकांड्याइतक्याच व्यासाची असते आणि तिच्यावर बाहेरून मेणाचा किंवा चरबीचा थर असतो. तो थर, शिशाचे कण आणि दारूची काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाशी एक कडे तयार होते. त्याच रायफलीतून आखूड काडतुसे उडविली असतील, तर हे कडे लवकर साचते. ब्रश आणि द्रावक यांनी ते निघते. स्पर्धेच्या रायफलीत मात्र चेंबर मुद्दाम घट्ट ठेवलेले असते. बोल्ट बंद होताना गोळीचे टोक नळीतील पेचदार खाचांमध्ये किंचित रुतते. शेवटचा तेवढा विरोध सुबक बांधणीची खूण आहे. निराळ्या बनावटीची काडतुसे वापरून पाहिल्यास दोष काडतुसाचा की चेंबरचा, हे समजते.

ही अडचण पुष्कळदा मालक स्वतःच निर्माण करतो. बोल्ट मोकळा व्हावा म्हणून तो रिकाम्या रायफलीचा चाप शेकडो वेळा ओढतो. काडतूस नसताना पिनला अडविणारी कड तेथे नसते. पिन पुढे येऊ नये अशी सोय त्या रायफलीत नसेल, तर ती थेट चेंबरच्या काठावर आदळते, काठ चेपतो आणि धातूचा बारीक उंचवटा आतल्या बाजूस येतो. मग प्रत्येक काडतूस तेथे अडते. निर्मात्याच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याखेरीज हे करू नये. फार तर उडविलेले रिकामे नळकांडे आत घालून, दरवेळी थोडे फिरवून, चाप ओढावा.

बोल्ट मोकळा करण्याची खरी रीत कंटाळवाणी आहे. उतरत्या खाचेवर आणि मूठ अडकते त्या खांद्यावर चांगल्या ग्रीसचा नखाएवढा ठिपका लावावा, बाकी बोल्टवर तेलाचा हात फिरवून पुसून घ्यावा. बोल्टच्या तोंडाला आणि चेंबरला तेल नको. मग बोल्ट दोन-तीनशे वेळा चालवावा, मधून मधून पुसावा. निघालेले काळे तेल म्हणजे ते ओरखडे झिजत असल्याचा पुरावा होय.

झोपून पन्नास मीटरवर साठ गोळ्या झाडणाऱ्याला या श्रमाचे मोल कळते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले ते याच प्रकारात. प्रत्येक काडतूस हाताने घालावयाचे, प्रत्येक वेळी बोल्ट चालवावयाचा. आणि लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटर व्यासाचे. मूठ उचलताना कोपर थोडे जरी सरकले, तरी सबंध शरीर पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

कानस आणि घासकागद यांना मात्र या कामात स्थान नाही. बोल्टचे अनेक भाग वरवरच कठीण केलेले असतात. तो पातळ थर घासला गेला, की खालचा मऊ धातू लवकर झिजतो, प्रसंगी धातूला धातू चिकटून बोल्ट पूर्वीपेक्षाही जड होतो. बोल्टचे तोंड घासल्यास कडेला मिळणारा आधार बिघडतो. स्प्रिंग कापून आखूड केल्यास मूठ हलकी होते खरी, परंतु आघात दुबळा होऊन काडतुसे फुकट जाऊ लागतात. न उडालेले काडतूस उशिरा पेटण्याचाही संभव असतो. तेव्हा किमान अर्धा मिनिट नळी लक्ष्याकडे ठेवून थांबल्यावाचून बोल्ट उघडू नये. शिवाय भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीसाठीही परवाना लागतो. स्वच्छता आणि वंगण हे मालकाचे काम; धातू कमी करावयाचा असेल तर ते परवानाधारक कारागिराचे किंवा निर्मात्याचे.

त्याच्याकडे जाताना रायफलीबरोबर उडविलेली पाच-सहा नळकांडी न पुसता न्यावीत. चेंबर खडबडीत असेल तर पितळेवर लांबट ओरखडे उमटलेले असतात, काठ चेपला असेल तर कडेजवळ एकाच जागी खूण दिसते. चार टप्प्यांपैकी कोणता टप्पा अडतो, रिकामी असताना की काडतूस घातल्यावर, आणि दुर्बिण केव्हा बसविली, एवढे त्याला सांगितले म्हणजे पुरे.