जिनिव्हातला ठराव आणि बोईसरमधली नोकरी

मे महिना उजाडला की पालघर-बोईसरमधल्या कितीतरी घरांत नीटची धास्ती असते. त्याच महिन्यात जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सभा भरते आणि आरोग्यासाठी सरकारांनी पुढे काय करायचे हे तिथे ठरते. नीटच्या गुणांवर घरात रात्र रात्र बोलणे होते. जिनिव्हाच्या सभेची बातमी मात्र कुणी वाचत नाही. ती वाचा, असा माझा आग्रह आहे. एमबीबीएसची जागा हुकली तरी आरोग्यक्षेत्रात जी कामे उरतात, ती बहुतांशी अशा निर्णयांमधून तयार होतात. त्यांतली बरीच कामे आपल्याच जिल्ह्यात आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले, तेव्हा आपले बोईसरजवळचे तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वांत प्रदूषित ठरले. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना रात्रीचा वास आणि नवापूरच्या समुद्रात जाणारे पाणी यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. हवेच्या प्रदूषणाने होणारी हानी २०१५ च्या तुलनेत २०४० पर्यंत निम्म्यावर आणायची, असे उद्दिष्ट मे २०२५ च्या आरोग्य सभेने स्वीकारले. त्याआधी जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी आहे. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात २५० कामगार असले की सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. इतर कारखान्यांत ही मर्यादा ५०० आहे.

आता हे करणार कोण? तपासणी म्हणजे नुसता रक्तदाब नव्हे. फुप्फुसांची ताकद मोजायची, कानांची चाचणी घ्यायची, शेडमधल्या हवेत कोणते द्रावक किती आहे ते पाहायचे. रसायनशास्त्रात बीएस्सी केलेल्या मुलाला आपल्याकडे क्यूसी लॅबपलीकडे काही दाखवले जात नाही. त्याने किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेल्या मुलीने काही वर्षांचा अनुभव घेऊन औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा प्रगत डिप्लोमा करावा. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे तो शिकवला जातो. सुरक्षा अधिकाऱ्याला कामगारांची भाषा यावी अशीही अपेक्षा असते. बोईसरमध्ये वाढलेल्या मुलाला मराठी आणि हिंदी दोन्ही सहज येतात, हे त्याचे मोठे बळ आहे. तारापूरच्या कारखान्यांतल्या स्फोटांत आणि वायुगळतीत माणसे गेली आहेत. म्हणून या पदाकडे कागद भरण्याची नोकरी म्हणून पाहू नका.

दुसरे काम अजून पुरते दिसत नाही, पण येऊ घातले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नियोजित वाढवण बंदराला १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध खरा आहे आणि त्यामागची भीतीही खरी आहे. पण बंदर झाले, तर परदेशी जहाजांबरोबर जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीही दारात येईल. या नियमावलीतल्या नव्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आल्या. जहाजावर उंदीर, डास, दूषित पाणी आहे का ते पाहून सहा महिन्यांचे स्वच्छता प्रमाणपत्र द्यायचे, आजारी खलाशाची नोंद करायची, गरज पडली तर विलगीकरण करायचे, ही कामे बंदर आरोग्य अधिकारी आणि त्यांच्या हाताखालची माणसे करतात. बारावीनंतर करता येणारा स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम नगरपरिषदेपुरताच आहे असे समजू नका.

जिनिव्हाच्या सभेत २० मे २०२५ रोजी महामारी करारही मंजूर झाला. रोगजंतूंचे नमुने आणि त्यांतून बनणाऱ्या लसी-औषधांचा वाटा देशादेशांत कसा व्हावा, यावरचे परिशिष्ट पूर्ण झाल्याशिवाय तो सह्यांसाठी खुला होत नाही, आणि ६० देशांनी मान्यता दिल्यावरच लागू होतो. सार्वजनिक आरोग्यात शिरू पाहणाऱ्याने ही एक वाटाघाट मन लावून वाचली, तरी या विषयातले राजकारण त्याला कळू लागेल.

माझ्या मते आपल्या जिल्ह्याचे सर्वांत मोठे काम मात्र पूर्वेकडे आहे, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी भागांत जास्त आढळतो, आणि त्यासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे त्याचे ध्येय आहे. तपासणी यंत्र करते. पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्न ठरवायला बसलेल्या घरात समजावून सांगायला माणूसच लागतो. तो वारली किंवा कातकरी बोलीत बोलणारा असेल तर घर ऐकते. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात बीए करणाऱ्या मुलीने पुढे समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले, तर अशा कामाला तिच्यासारखी दुसरी मिळणार नाही. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते.

आकड्यांची आवड असलेल्यांनी डहाणूकडे बघावे. तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशाचे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. शेजारीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी देते. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल घेतलेल्यांनाही या संस्थांत वाट आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

पगार किती, हे पालक विचारणारच, आणि विचारायलाच हवे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बहुतेक पदे कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार खासगी कंपनीपेक्षा कमी भरू शकतो. घरावर कर्ज असेल तर आधी कारखान्यातली नोकरी धरून पुढचे शिक्षण करणे शहाणपणाचे. कायम पदांच्या जाहिराती उशिरा निघतात, तोवर कंत्राटी अनुभव हाताशी असावा.

जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ही संघटना भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही. शिवाय अमेरिकेने बाहेर पडण्याचा निर्णय घेतल्यावर तिचा निधी आटला आणि तिथली पदेही कमी झाली. पदवीची तीन वर्षे झाली की इंटर्नशिपसाठी जरूर अर्ज करावा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

यंदा बारावीला असलेल्यांनी दोन तारखा लिहून ठेवाव्यात. २८ एप्रिल हा कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा जागतिक दिवस, तर १९ जून सिकलसेलचा. त्या सुमारास कारखान्यांत आणि सरकारी रुग्णालयांत कार्यक्रम, शिबिरे होतात. तिथे नोंदणीच्या टेबलावर मदतीला बसायची परवानगी मागा आणि काम करणाऱ्यांना त्यांचे शिक्षण विचारा. आदिवासी विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या पदांची जाहिरात निघते तेव्हा तो कागद मिळवायला वेळ उरत नाही.