तलावाचें पाणी व बांधीची माती

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पाऊस थोडा पडतो असें कोणीहि म्हणणार नाहीं. तरी आश्विन लागला कीं, पाटाच्या शेवटच्या बांध्या कोरड्या पडतात, आणि धान लोंबीवर येण्याच्या ऐन वेळीं तेथील शेतकऱ्याचें वर्षाचें पीक हातचें जातें. याचें कारण केवळ आकाशांत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत आपण पाणी कसें वापरतों, यांतहि तें आहे.

या भागांतील पुष्कळ तलाव गोंड राजांच्या आश्रयानें व कोहळी आदिकरून कुशल शेतकऱ्यांच्या श्रमानें झाले. पुढें ते मालगुजारांकडे आले, व १९५१ सालीं मालगुजारी जाऊन सरकारांत जमा झाले. म्हणून त्यांस ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. आम्हीं महसुली दप्तरांत बरींच वर्षें घालविलीं आहेत. वाजिब-उल-अर्ज ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, गांवची ओलिताची वहिवाट ही त्यांत नोंदण्याची बाब आहे. तात्पर्य, तलावाचें पाणी एकट्याचें नव्हे, वांट्याचें आहे.

आतां हिशेब पाहा. एक एकर बांधींत एक इंच पाणी उभें करण्यास सुमारें १ लाख ३ हजार लिटर पाणी लागतें. धान पाण्यांत तगतें हें खरें. पण त्याला अहोरात्र उभें पाणी हवेंच असें नाहीं. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें आळीपाळीनें भिजविण्या-सुकविण्याची रीत सांगितली आहे. तिनें ३० टक्क्यांपर्यंत पाणी वांचूं शकतें. कृति अशी :

१. एक फूट लांब व चार ते सहा इंच रुंद नळीच्या खालच्या अर्ध्या भागास छिद्रें पाडून ती बांधींत सहा इंच खोल रोवावी, व आंतील माती काढावी.

२. रोवणा होऊन दोन आठवड्यांनीं ही रीत सुरू करावी. तण फार असल्यास आणखी आठवडाभर थांबावें. नळींतील पाणी जमिनीखालीं सहा इंच गेलें, म्हणजे बांधींत पुन्हां दोन इंच पाणी द्यावें.

३. फुलोऱ्याच्या आधीं व नंतर एकेक आठवडा दोन इंच पाणी मात्र मोडूं नये.

कन्हार जमिनीस भेगा पडूं लागल्यास नळीची वाट न पाहतां पाणी द्यावें, कारण भेगांतून पाणी खालीं निसटतें. पाऊस चालू असतां पाट बंद ठेवावा व धुरे नीट बांधून पावसाचेंच पाणी वापरावें.

परंतु माती निरोगी नसेल, तर ही रीत साधत नाहीं. खरडीसारख्या हलक्या जमिनींत पाणी ठरत नाहीं. तीस शेणखत द्यावें. ढेंच्या पेरून सहा-सात आठवड्यांनीं चिखलणींत गाडावा. तणस जाळूं नये, कारण तिच्यांतील नत्र धुरांत जातो. कुजवून घातल्यास तीच जमिनीची ओल धरण्याची शक्ति वाढविते. उन्हाळ्यांत तलावाचा गाळ हलक्या शेतांत घालावा. २०१७ सालीं निघालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना याच हेतूची होय. मात्र गाळ उपसतांना पाळीचा पायथा खोदूं नये व तळाचा चिकण थर फोडूं नये. नाहींतर खोली वाढूनहि तलाव गळूं लागेल.

सिंदेवाही येथील कृषि संशोधन केंद्रांत कमी मुदतीच्या वाणांची चौकशी करावी. लवकर निघणाऱ्या धानास आश्विनांतील पाणी कमी लागतें.

एक अडचण राहते. एकानेंच पाणी वांचविलें, तर तें शेजारच्या बांधींत जाऊन मुरेल. शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोंचणार नाहीं. म्हणून रोवण्यापूर्वीं पाटावरील सर्वांनीं बसून पाण्याचा क्रम ठरवावा व तो लिहून काढावा. यंदा प्रत्येकानें एका बांधींत ही रीत करून शेजारची बांधी जुन्या रीतीनें ठेवावी, आणि पाणी किती वेळां दिलें व धान किती झालें, हें वहींत टिपावें. त्या वहीवरून पुढील वर्षाचा निर्णय घेणें सोपें जाईल.